उंदीर पळतोय, पण सांगतोय काय? : भुलीचं औषध आणि हालचालीची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. ज्यांना ऐकायला वेळ होत नाही त्यांच्यासाठी. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा विषय थोडा विचित्र वाटेल. भुलीचं एक औषध आहे. ते कमी दिलं तर उंदीर सुसाट पळायला लागतो आणि जास्त दिलं तर लाकडासारखा ताठ होऊन पडतो. आज या औषधाबद्दल बोलायचंय, आणि त्या पळण्यावरून माणसाच्या मनाबद्दल आपण काय काय अंदाज बांधले, त्याबद्दलही.

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. बीटेक कॉम्प्युटर, दिवसभर कोड, रात्री हा पॉडकास्ट. आज जे सांगणार आहे ते वाचून, समजून घेऊन सांगतोय. त्यामुळे कुणाची गोळी सुरू असेल तर माझं ऐकून बंद करू नका, बदलू नका. ते तुमच्या डॉक्टरांशीच बोला.

चिंगीची संध्याकाळ

मागच्या पावसाळ्यात आमच्या मांजरीचं, चिंगीचं, नसबंदीचं ऑपरेशन केलं. संध्याकाळी तिला टोपलीत घालून घरी आणलं. टोपली उघडली तर चिंगीचे डोळे सताड उघडे. पण हालचाल शून्य. आईने डोळ्यांसमोर बोट फिरवलं, काही नाही. नावाने हाक मारली, काही नाही. आई मला म्हणाली, "अरे, ही जागी आहे की झोपलीय? डोळे तर उघडे आहेत!"

तासाभराने वेगळाच प्रकार. चिंगीची मान डावीकडे-उजवीकडे डोलायला लागली, घड्याळाच्या लंबकासारखी. मग ती उठायला गेली तर मागचे पाय लटपटले. पुढचे पाय चालतायत, मागचे घसटतायत, आणि ती एकाच बाजूला गोल गोल फिरतेय. थांबवलं तरी पुन्हा तेच. आई घाबरली. म्हणाली, "हिच्या डोक्यावर परिणाम झाला रे!"

मी डॉक्टर मॅडमना फोन लावला. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "केटामाइन उतरतंय. अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा. जमिनीवरच ठेवा, पलंगावर नको, पडेल. सारखा हात लावू नका." आणि तसंच झालं. सकाळी चिंगी नेहमीसारखी ओट्याखाली बसून मासे मागत होती.

पण माझ्या डोक्यात प्रश्न अडकला. औषध एकच, प्राणी एकच, संध्याकाळही एकच. मग आधी पुतळा आणि नंतर न थांबणारी भिंगरी, हे कसं?

या प्रश्नाच्या मागे लागायला मला आणखी एक कारण होतं. ते माझ्या आत्याशी जोडलेलं आहे. तिच्याकडे नंतर येतो.

कबुतरापासून सुरुवात

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, डेट्रॉईटमध्ये. १९५६ साली पार्क-डेव्हिस या औषध कंपनीत व्हिक्टर मॅडॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एक नवीन पदार्थ बनवला. फेनसायक्लिडीन, म्हणजे पीसीपी. तो प्राण्यांवर तपासला गेला तेव्हा प्रत्येक जातीत वेगळंच चित्र दिसलं. उंदीर दारू प्यायल्यासारखे झिंगले. कबुतरं जागच्या जागी थिजली, जशी ठेवाल तशीच राहिली. कुत्रे चाळवले, डोस वाढवला तर त्यांना झटके आले. आणि माकडं? माकडं छान शांत, भूल दिल्यासारखी.

बघा, एकच रेणू आणि चार प्राण्यांची चार वेगळी वागणी. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

माकडांवरचा परिणाम बघून माणसांवर प्रयोग झाले. औषधाला नाव दिलं सर्निल, 'सेरेनिटी' म्हणजे प्रसन्न शांततेवरून. भूल उत्तम लागायची. श्वास चालू राहायचा, रक्तदाब पडत नव्हता. पण शुद्धीवर येताना काही रुग्ण भ्रमात जायचे, बरळायचे, घाबरायचे, तासन्‌तास. १९५९ मध्ये डेट्रॉईटच्याच लाफायेट क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी लिहिलं की या औषधाने निरोगी माणसात स्किझोफ्रेनियासारखी अवस्था तयार होते. शेवटी १९६५ मध्ये सर्निलचा माणसांवरचा वापर थांबला.

कंपनीला मग त्याच घराण्यातलं, पण लवकर उतरणारं औषध हवं होतं. १९६२ मध्ये वेन स्टेट युनिव्हर्सिटीचे कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनी ते बनवलं. तेच केटामाइन. ३ ऑगस्ट १९६४ रोजी एडवर्ड डॉमिनो आणि गुंटर कॉर्सेन यांनी ते पहिल्यांदा माणसाला दिलं. ती माणसं होती मिशिगनमधल्या जॅक्सन तुरुंगातले कैदी. स्वयंसेवक म्हणून, पण कैदी. त्या काळी हे चालायचं. आज कैद्यांवर असा प्रयोग सहज मान्य होणार नाही, आणि तेच योग्य आहे.

त्यांचे अनुभव ऐकून डॉमिनो चक्रावले. लोक सांगत होते, हातपाय माझे नाहीतच, मी अधांतरी तरंगतोय. याला म्हणायचं काय? हे डॉमिनोंनी घरी सांगितलं तेव्हा त्यांच्या पत्नी टोनी यांनी शब्द सुचवला, 'डिसोसिएटिव्ह'. म्हणजे तुटलेला, संबंध सुटलेला. डोळे उघडे आहेत, कान उघडे आहेत, पण आत आणि बाहेर यांची तार तुटलीय. टोपलीतली चिंगी आठवली ना?

१९७० मध्ये अमेरिकेत केटामाइनला मान्यता मिळाली. व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांसाठी ते वापरलं गेलं. १९८५ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. जिथे ऑक्सिजनची, यंत्रांची सोय नाही तिथे हे औषध जीव वाचवतं. म्हणजे हे नुसतं 'नशेचं औषध' नाही, हे आधी डोक्यातून काढा.

डोस बदलला की प्राणी बदलतो

आता प्रयोगशाळेत जाऊ. मराठीत आपण रॅट आणि माऊस दोघांनाही उंदीरच म्हणतो. प्रयोगशाळेत ते दोन वेगळे प्राणी आहेत. मी मोठ्याला रॅट म्हणेन आणि छोट्याला माऊस.

रॅटला थोडं केटामाइन दिलं की काही मिनिटांत तो चालायला लागतो. नेहमीचा रॅट नव्या जागी काय करतो? थांबतो, हुंगतो, मागच्या पायांवर उभा राहून बघतो, कोपऱ्यात बसून मिशा साफ करतो. औषध घेतलेला रॅट यातलं बरंचसं सोडून देतो. तो नुसता चालतो. गोल फिरतो, मान डोलवतो, तेच तेच पुन्हा करतो. शास्त्रज्ञ या तेच-ते करण्याला 'स्टिरिओटिपी' म्हणतात. डोस आणखी वाढवला की तोल जातो, मागचे पाय फाकतात. त्याला 'अटॅक्सिया'. त्याहून जास्त दिलं की पाठीवर उताणा ठेवला तरी तो उलटून पायांवर येत नाही. प्राणी भुलीत गेला की नाही हे ठरवायची ही साधी खूण आहे. पण स्नायू सैल पडतीलच असं नाही, ते ताठ राहू शकतात. म्हणूनच पशुवैद्य केटामाइन सहसा एकटं देत नाहीत. सोबत झायलाझिन किंवा डायझेपामसारखं स्नायू सैल करणारं औषध देतात. आणि पापण्या मिटत नाहीत म्हणून डोळे कोरडे पडू नयेत यासाठी मलम लावतात. चिंगीच्या डोळ्यांभोवती चिकट काहीतरी होतं, मला वाटलं घाण आहे. ते मलम होतं!

आता आमच्या चिंगीचं कोडं सुटलं. तिला भुलीचा मोठा डोस दिला होता, तेव्हा ती पुतळा. मग यकृत आपलं काम करत गेलं, रक्तातलं औषध कमी कमी होत गेलं. शून्यावर येण्याआधी ते 'कमी डोस'च्या पट्ट्यातून गेलं. त्या पट्ट्यात डोलणं, लटपटणं, गोल फिरणं. म्हणजे रॅटमध्ये डोस वाढवत नेताना जे दिसतं तेच आम्ही घरी उलट्या क्रमाने बघितलं. जिना चढताना जे मजले लागतात तेच उतरतानाही लागणार.

पण असं का?

१९८३ मध्ये ब्रिटनमध्ये डेव्हिड लॉज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की केटामाइन आणि पीसीपी मेंदूतला एक विशिष्ट दरवाजा अडवतात. नाव एनएमडीए रिसेप्टर. ग्लुटामेट हे मेंदूतलं 'चल, पेट' म्हणणारं मुख्य रसायन. ते आलं की हा दरवाजा उघडतो. केटामाइनची गंमत अशी की ते उघड्या दरवाजात शिरून अडकतं. म्हणजे जो दरवाजा जास्त वेळा उघडतो तो आधी अडण्याची शक्यता जास्त.

आता मेंदूत काही पेशी गॅस देणाऱ्या आहेत, काही ब्रेक लावणाऱ्या. ब्रेकवाल्या पेशींपैकी काही फार वेगाने काम करतात, त्यांचे दरवाजे सतत उघडत असतात. आज सगळ्यात जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण असं की कमी डोसमध्ये आधी या ब्रेकवाल्या पेशी गारठतात. चौकातला हवालदार चहाला गेला की काय होतं? गाड्या थांबत नाहीत, उलट सगळ्या एकदम घुसतात. २००७ मध्ये होमायून आणि मोघद्दम यांनी जाग्या रॅटच्या मेंदूत तारा बसवून हे मोजलं. एमके-८०१ या केटामाइनच्या जास्त ताकदवान भावाने आधी ब्रेकवाल्या पेशी मंद झाल्या आणि मग गॅसवाल्या पेशी भडकल्या.

त्याआधी १९९७ मध्ये मोघद्दम यांच्याच गटाने रॅटच्या मेंदूच्या पुढच्या भागातलं ग्लुटामेट मोजलं होतं. किलोमागे १०, २० आणि ३० मिलिग्रॅम केटामाइनला ग्लुटामेट वाढलं. ५० ला काही फरक नाही. २०० ला, म्हणजे भुलीच्या डोसला, ते कमी झालं. 'जास्त औषध म्हणजे तोच परिणाम जास्त' असं इथे नाहीच. मोठ्या डोसला हवालदारही बंद आणि गाड्याही बंद. सगळा चौकच ठप्प.

मोजायचं कसं?

आता माझा आवडता भाग. डेटा.

जुनी पद्धत अशी: एक चौकोनी खोका, त्याच्या आरपार अदृश्य इन्फ्रारेड किरणांची जाळी. उंदराने किरण तोडला की काउंटर एकने वाढतो. तासाभरात किती काउंट, तेवढी हालचाल. स्वस्त, झटपट, दिवसाला कितीतरी उंदीर तपासता येतात.

पण विचार करा. एक उंदीर कुतूहलाने फिरतोय, एक घाबरून पळतोय, एक गोल गोल भिरभिरतोय आणि एक लटपटत पडत-उठत जातोय. चौघांचाही काउंट पाचशे येऊ शकतो. लॉगमध्ये चौघं सारखेच! आमच्या क्षेत्रात हे रोजचं आहे. ॲपवर लोक जास्त वेळ थांबतायत असं डॅशबोर्ड सांगतो, आपण पेढे वाटतो, आणि मग कळतं की त्यांना बाहेर पडायचं बटणच सापडत नव्हतं.

त्यात प्राणी कुठला हेही आलं. कबुतर आणि माकडाचं मघाशी बघितलंच. रॅटमध्ये तर नर-मादीतही फरक आहे. एमके-८०१ आणि पीसीपीला मादी रॅट नरापेक्षा जास्त जोरात प्रतिसाद देतात. फक्त नरांवर प्रयोग करून 'उंदरात असं होतं' म्हणणं म्हणजे अर्ध्या युजर्सवर टेस्ट करून रिलीज करणं.

आता परिस्थिती सुधारलीय. २०१८ मध्ये डीपलॅबकट नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आलं. वरून कॅमेरा लावायचा, आणि प्रोग्रॅम प्रत्येक फ्रेममध्ये नाक, कान, पंजे, शेपटीचं मूळ कुठे आहे ते ओळखतो. म्हणजे 'किती हलला' याच्या पुढे जाऊन 'कसा हलला' हे विचारता येतं. हे वाचून मला फार बरं वाटलं. कोड लिहिणाऱ्यांनाही इथे काम आहे तर!

माझी आत्या आणि तिचे हात

आता आत्या.

माझ्या आत्याला स्किझोफ्रेनिया आहे, मी शाळेत होतो तेव्हापासून. गोळ्यांनी तिला ऐकू येणारे आवाज बरेच कमी झाले. ही मोठी गोष्ट आहे, आमच्या घराने ते आधीचे दिवस बघितलेत. पण तिचे हात थरथरतात. चालताना पावलं छोटी पडतात. चेहरा हलत नाही. पूर्वी ती इतकी सुंदर रांगोळी काढायची की गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. आता चिमटीतून रांगोळी नीट सुटत नाही. मागच्या दिवाळीत तिने चार ठिपके काढले आणि मला म्हणाली, "बाळा, तूच पुरं कर." मी पुरं केलं. वाकडंतिकडं.

हे तिच्या आजाराने नाही, बरंचसं गोळ्यांनी झालंय. ही जुन्या प्रकारची औषधं मेंदूतला डोपामिनचा संदेश अडवतात, आणि हालचालीला डोपामिन लागतं. याच औषधांचा मोठा डोस रॅटला दिला आणि त्याचे पुढचे पाय आडव्या दांडीवर ठेवले, तर तो तसाच राहतो. पाय खाली घ्यायचं सुचतच नाही जणू.

आणि इथे मला धक्का बसला. कित्येक वर्षं मनोविकाराचं नवीन औषध शोधताना एक महत्त्वाची चाचणी काय होती? उंदराला ॲम्फेटामिन किंवा पीसीपी देऊन पळवायचं आणि बघायचं, आपलं औषध त्याला थांबवतं का. थांबवलं तर औषध आशादायक. म्हणजे आपण चाळणीच अशी लावली की हालचाल दाबणारी औषधं वर येतील. मग माणसातही ती हालचाल दाबतात यात नवल काय? क्लोझापिन नावाचं औषध उंदरांना असं थिजवत नव्हतं, तर सुरुवातीला काही लोकांना शंका होती की हे खरंच काम करेल का! आज अवघड रुग्णांसाठी तेच शेवटचा आधार मानलं जातं.

सर्पगंधा, ससे आणि एक उलटा प्रयोग

इथे एक धागा आपल्या मुंबईतून जातो. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे दाखवलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत त्या मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. रेसरपिन मेंदूतलं डोपामिन आणि त्याच्या भावंडांचे साठे रिकामे करतं. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसरपिन दिलं, ससे थिजले. मग डोपामिनचा कच्चा माल, एल-डोपा, टोचला आणि ससे पुन्हा हलायला लागले. पार्किन्सन्सचा उपचार याच रस्त्याने आला, आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं.

पण माझ्यासाठी खरी गोष्ट त्यांच्या १९८९ च्या प्रयोगात आहे. मारिया आणि आर्विड कार्लसन यांनी माऊसचे डोपामिनचे साठे रिकामे केले. माऊस निपचित. आता एल-डोपा न देता एमके-८०१ दिलं. आणि तो उठला, चालायला लागला! डोपामिनचा खजिना रिकामा असूनही हालचाल. म्हणजे हालचालीला दुसरा रस्ता आहे, ग्लुटामेटचा.

यातून मोठी आशा निर्माण झाली. १९९४ मध्ये येल विद्यापीठात निरोगी स्वयंसेवकांना थोडं केटामाइन देऊन जॉन क्रिस्टल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यात भ्रमासारखी लक्षणं दिसतात, आणि गप्प, अलिप्त होण्यासारखीही. मग ग्लुटामेट ताळ्यावर आणणारं औषध शोधलं, तर आवाजही थांबतील आणि हातही थरथरणार नाहीत, बरोबर?

१९९८ मध्ये मोघद्दम आणि ॲडम्स यांनी 'सायन्स'मध्ये असं औषध दाखवलं. पीसीपी दिलेल्या रॅटचं भिरभिरणं त्याने कमी झालं, आणि तेही डोपामिनला हात न लावता. याच जातीचं औषध एली लिली कंपनीने माणसांवर तपासलं. २००७ मध्ये पहिले निकाल आले, खूप चांगले. हालचालीचे दुष्परिणामही नाहीत. हे वाचताना मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो. वाटलं, हेच ते!

मग मोठ्या चाचण्या झाल्या. औषध नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. २०१२ मध्ये कंपनीने ते थांबवलं.

उंदीर तर थांबला होता. आजार थांबला नाही.

असं का, याचं एका वाक्यात उत्तर नाही. पण काही गोष्टी साध्या डोळ्यांना दिसतात. धडधाकट तरुण रॅटला एक इंजेक्शन देऊन तासभर जे होतं ते, आणि माणसाच्या आयुष्यात वर्षानुवर्षं हळूहळू घडलेला आजार, या एक गोष्टी नाहीत. आत्याला आजार झाला तेव्हा ती खोक्यात गोल फिरत नव्हती. ती खिडकी बंद करून बसायची. शेजारचे आपल्याबद्दल बोलतात म्हणायची. हे उंदराला कसं विचारणार?

चांगला प्रश्न विचारता येतो

मग काय, उंदरांवरचे प्रयोग फुकट? मी तसं म्हणत नाहीये. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या कार्ल डायसरॉथ यांच्या गटाने 'नेचर'मध्ये एक प्रयोग छापला. माऊसला कमी डोसचं केटामाइन दिलं आणि गरम पृष्ठभागावर ठेवलं. साधा माऊस दोन गोष्टी करतो. पाय झटकतो, आणि मग पाय चाटतो. झटकणं ही प्रतिक्षिप्त क्रिया. चाटणं म्हणजे 'माझा पाय दुखतोय, त्याची काळजी घ्यायला हवी'. केटामाइन घेतलेल्या माऊसने पाय झटकला, पण चाटला नाही. जाणीव पोचली, पण 'हे मला होतंय' हा भाग सुटला. डिसोसिएशन!

त्याच वेळी मेंदूच्या मागच्या एका भागात सेकंदाला एक ते तीन अशी संथ लय उठत होती. ती लय औषधाशिवाय, प्रकाशाने पेशी चालू-बंद करून तयार केली, तरी प्राणी तसाच वागला. आणि अपस्माराच्या एका रुग्णाच्या मेंदूत, फिट येण्याआधी त्याला असंच तुटल्यासारखं वाटायचं तेव्हा, तशीच लय सापडली.

फरक लक्षात आला का? इथेही मोजली हालचालच. पण 'किती' नाही मोजलं. दोन हालचालींमधला अर्थाचा फरक मोजला.

दुसरीकडे, सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत स्किझोफ्रेनियासाठी एक औषध मंजूर झालं, झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियमची जोडगोळी. ते डोपामिनचं दार थेट अडवत नाही. यातलं झॅनोमेलिन आधी अल्झायमरच्या रुग्णांवर तपासलं होतं. १९९७ मध्ये डॉक्टरांनी नोंदवलं की या रुग्णांचे भास कमी होतायत. म्हणजे धागा सापडला तो माणसांकडे नीट बघितल्यामुळे. आत्याला ते मिळेल का, चालेल का, ते तिचे डॉक्टर सांगतील. मी उगाच आशा लावणार नाही, ना तिला, ना तुम्हाला.

जाता जाता

मला यातून काय मिळालं? दोन गोष्टी.

एक, न हलणारा प्राणी झोपलेलाच असतो असं नाही, आणि हलणारा प्राणी बरा आहे असंही नाही. आपल्याकडे प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी कायदा आहे, समिती आहे, परवानगी लागते. पण कागदावरच्या परवानगीइतकंच महत्त्वाचं आहे की त्या जिवाकडून मिळालेला आकडा आपण नीट वाचावा. त्याने जीव दिलाय, आणि आपण चुकीचा कॉलम वाचला तर तो फुकट गेला.

दुसरी गोष्ट घरातली. आत्या शांत बसलीय, त्रास देत नाहीये, म्हणजे ती बरी आहे असं आम्ही सगळे इतकी वर्षं समजत होतो. म्हणजे आम्हीही काउंटरच बघत होतो की! गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा तिला विचारलं, "आत्या, गोळ्यांनी तुला नेमकं कसं वाटतं?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हात माझे वाटत नाहीत रे." पुढच्या तपासणीला मी तिच्यासोबत गेलो आणि हे वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. इतक्या वर्षांत ते त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांनी डोस बदलून बघू म्हटलंय.

तुमच्या घरात असं कुणी शांत बसलेलं असेल, तर त्यांना एकदा विचारा. भाग आवडला तर पुढे पाठवा, काही चुकलं असेल तर हक्काने कळवा, पुढच्या भागात दुरुस्त करेन.

आणि हो, चिंगी मजेत आहे. आत्ता माझ्या कीबोर्डवर बसलीय.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!